दोन मिनिटांचा भोंगा

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत कापड धुऊन, पांढरं करून, रंगवून देणारी एक कंपनी होती. तिथला सकाळपाळीचा भोंगा तेरा वर्षं एकाच माणसाने वाजवला. कवडू गजभिये त्याचं नाव. पण नाव कोण विचारतो? भोंगेवाला म्हटलं की झालं. सात म्हणजे सात आणि तीन म्हणजे तीन. गावातल्या बाया त्याच्या भोंग्यावर चुलीवरची डाळ उतरवायच्या आणि मास्तर लोक घड्याळं लावायचे. मिनिटाची लबाडी त्याने कधी केली नाही.

छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला तो बापाच्या शेजारी पांढरे कपडे घालून उभा राहिला होता. परत आल्यावर हट्टाने सातवीपर्यंत शिकला. म्हणून तर टाइम ऑफिसात खुर्ची मिळाली. लिहिता-वाचता येतं याचा त्याला जरा ताठाच होता. देव सोडला होता, पण लेखी अर्जावर त्याची श्रद्धा होती. कागदावर गेलेली गोष्ट वाया जात नाही असं तो छातीठोकपणे सांगायचा. भोळा माणूस!

त्याच्या भोंग्याला पाळीशिवाय आणखी एक काम होतं. बदलीवाल्यांना बोलावण्याचं. कायम कामगाराचं नाव हजेरीबुकात असतं, बदलीवाल्याचं नुसतं यादीत. कोणी कायमवाला गैरहजर राहिला किंवा अवेळी मालाची गाडी लागली की कंपनीला हात कमी पडत. मग भोंग्याचे तीन तुकडे द्यायचे. ते ऐकले की फाटकासमोरच्या नाल्याकाठच्या वस्तीतून माणसं हातातलं टाकून पळत सुटायची. कोणाच्या अंगाला साबण, कोणाच्या तोंडात घास. फाटकावर भैय्याजी जमादार पितळी बिल्ल्यांची पिशवी घेऊन उभा असायचा. मोठ्या फाटकातलं लहान दार उघडून तो पहिल्या वीस जणांना एकेक बिल्ला देऊन आत घ्यायचा आणि एकविसाव्याच्या तोंडावर दार लावायचा. मग एकविसावा त्याचा सख्खा भाऊ का असेना. या वस्तीत सून बघायला येतात ते पोरीला सैपाक येतो का विचारत नाहीत, पळून दाखव म्हणतात, अशी थट्टा चालायची.

कवडूची एकुलती एक पोर, प्रेमलता, याच वस्तीत दिलेली. जावई चंपत कंपनीच्या ब्लीच खात्यात कायम होता. चांगलं चाललं होतं. मग त्याच्या छातीने दगा दिला, खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि कंपनीने त्याला घरी बसवलं. तेव्हा कवडूनेच साहेबाच्या हातापाया पडून पोरीचं नाव बदलीच्या यादीत घातलं. तिला पळायलाही त्यानेच शिकवलं.

"पयला तुकडा कानावर आला का निंघ," तो तिला सांगायचा. "दुसऱ्याची वाट पाहू नोको. आयकून, समजून, मंग पयशीन, त एकविसावीच होशीन."

प्रेमलता बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. कवडूचा जुना खाकी स्वेटर अंगात घालून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती पहिल्या पाचात असायची. टाइम ऑफिस पहिल्या माळ्यावर होतं आणि खिडकीतून फाटक दिसायचं. तुकडे देऊन झाले की कवडू खिडकीत येऊन उभा राहायचा. खाकी स्वेटर आत शिरला की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

मग भोपाळ झालं. हजारो माणसं मेली तेव्हा सरकारला जाग आली आणि ज्या ज्या कंपनीत विषारी वायू आहे तिथे साहेब लोकांच्या जीपा फिरायला लागल्या. या कंपनीत कापड पांढरं करायला क्लोरीन लागायचा. आडव्या पडलेल्या म्हशींएवढ्या त्याच्या टाक्या ब्लीच खात्यामागे ठेवलेल्या असायच्या. सरकारी साहेबाने त्या पाहिल्या, नाकाला रुमाल लावला, आणि धोक्याची सूचना देणारा विजेचा भोंगा सहा महिन्यांत बसवा असा हुकूम केला.

बसला. पाण्याच्या टाकीवर मोठा थोरला, तीन मैल ऐकू जाणारा. टाइम ऑफिसात त्याचं लाल बटण आलं. दाबलं की आवाज चढत जायचा, सोडलं की उतरत जायचा. चढायचं आणि उतरायचं, त्या यंत्राला तिसरं काही येतच नव्हतं. सोबत एक जाडजूड पुस्तक आलं आणि भिंतीवर पाटी लागली. धोका असेल तर भोंगा दोन मिनिटं चढता-उतरता वाजवावा. मग अग्निशामक दलाला टेलिफोन. मग फाटकाला टेलिफोन. मग म्यानेजर साहेबांना. सगळं कसं क्रमवार.

बॉयलरवरचा जुना वाफेचा भोंगा कंपनीने काढून भंगारात घातला. दोन दोन भोंगे कशाला पोसायचे? तेव्हापासून पाळीला नवाच भोंगा, बदलीला नवाच, आणि धोक्यालाही नवाच. बदलीला तीनदा चढव-उतर. धोक्याला तीच चढव-उतर दोन मिनिटं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी सरावाचा कार्यक्रम झाला. मांडव घातला, जिल्ह्याचे अधिकारी आले, चहा-चिवडा झाला. अकरा वाजता कवडूने घड्याळ लावून दोन मिनिटं भोंगा वाजवला. आणि काय व्हावं? सगळी वस्ती फाटकावर! बाया, म्हातारे, डबे हातात घेतलेली माणसं, एकमेकांना रेटत. वायूपासून लांब पळायचा सराव होता, आणि हे लोक वायूच्या तोंडात धावत आले होते. मांडवातल्या एकाही शहाण्याच्या ते डोक्यात शिरलं नाही. उलट टाळ्या पडल्या. 'परिसरातील जनतेने उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' असं कागदावर लिहिलं गेलं. आलेल्या प्रत्येकाला 'धोक्याच्या वेळी काय करावे' हे पत्रक मिळालं. बिल्ला मात्र कोणालाच मिळाला नाही. लोक शिव्या देत परत गेले आणि त्या पत्रकांत कित्येक दिवस वस्तीत भाकरी बांधली गेली.

कवडूला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मधुकररावांसमोर जाऊन उभा राहिला. मधुकरराव म्हणजे कामगार अधिकारी. सेफ्टीचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. माणूस वाईट नव्हता. शिपायालाही 'अहो' म्हणायचा.

"साहेब, बदलीचा अन् धोक्याचा भोंगा एकच होऊन राहिला," कवडू म्हणाला.

"एकच कसा? ते तीन तुकडे आहेत आणि हा पूर्ण दोन मिनिटं. लोकांना एवढा फरक कळत नाही का?"

"कळते न साहेब. पन दोन मिनिटं झाले हे कळायले दोन मिनिटं लागते. वस्तीतून फाटकापर्यंत मानूस दीड मिनिटात येते."

मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना मुद्दा पटला होता, हे कवडूला स्पष्ट दिसलं.

"मग काय करावं म्हणता?"

"बदलीले भोंगा नोकोच. एक मानूस धाडा वस्तीत, तोंडानं सांगून येईन."

"तुम्ही असं करा, गजभिये. लेखी द्या."

कवडूने लेखी दिलं. एक नाही, तीन अर्ज. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्यावर 'चर्चा करावी' असा शेरा पडला. तिसरा वरच्या ऑफिसला गेला आणि तिकडेच राहिला. वस्तीत माणूस धाडायला माणूस मोकळा नाही, बटण दाबायला तर कवडू बसलेलाच आहे, असा एकंदर हिशेब होता. कवडू दर सोमवारी विचारायचा आणि मधुकरराव दर सोमवारी "चालू आहे" म्हणायचे.

पोरीला मात्र त्याने तोंडी सांगितलं.

"हे पाय, प्रेमे, भोंगा थांबला नाही, वाजतच राहिला, त इकडं यायचं नाही. मांगच्या टेकडीवर पयायचं."

प्रेमलता हसायला लागली. "बाबा, टेकडीवर कोन वाटते बिल्ले?"

तोही हसला. पहिल्या तुकड्याला पाय उचल म्हणून त्यानेच शिकवलं होतं. आता थांब, मोज, मग ठरव, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि ती थांबली असती तर तिचा बिल्ला शेजारणीला गेला असता. हेही त्याला ठाऊक होतं.

शहाऐंशीच्या जानेवारीतला मंगळवार. गारठा असा की धूर वर न जाता जमिनीवरच लोळत होता. आदल्या दिवशी प्रेमलता सांगून गेली होती, उद्या आठच्या बसने नागपूरला जाते, चंपतचं औषध संपलंय. पावणेदहाला ब्लीच खात्यातून आतल्या फोनवर फोरमनचा आवाज आला. आवाज कसला, नुसतं घशातलं खरखरणं.

"टाकीचा वॉल्व उडाला... भोंगा दे, कवडू! भोंगा दे!"

कवडूचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

किती वेळ थांबला? चौकशीत कोणी म्हणालं पंधरा सेकंद, कोणी म्हणालं तेवढाही नाही. पण त्याच्यासाठी तो वेळ फार मोठा होता, कारण तेवढ्या वेळात त्याने सगळं पाहिलं. आत सहाशे कामगार होते. भोंगा झाला तर ते मागच्या दाराने शेताकडे निघतील. नाही झाला तर जागच्या जागी मरतील. आणि भोंगा झाला तर वस्ती पळत फाटकावर येईल. खिडकीबाहेर वायूचा धूर फाटकाकडेच वळत होता. आधी फाटकाला टेलिफोन करावा? पाटीवर तो तिसरा होता. आणि तेवढ्यात आतले गेले तर?

हे सगळं तर होतंच. पण बटण दाबण्याआधी त्याच्या मनात शेवटचा विचार आला तो वेगळाच होता. आज प्रेमलता नागपूरला गेली आहे.

हा विचार आला आणि त्याचा अंगठा खाली गेला.

भोंगा चढला. दहा सेकंद दाबायचं, पाच सोडायचं. सोडलेल्या पाच सेकंदांत त्याने डाव्या हाताने फाटकाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोण उचलणार? भोंगा ऐकल्याबरोबर भैय्याजी आपल्या नेमाप्रमाणे पिशवी घेऊन केबिनबाहेर दारात जाऊन उभा राहिला होता. वीस वर्षांची सवय. तीन चढउतार झाले, लहान दार उघडलं. चौथा झाला, पाचवा झाला, आणि भैय्याजीला वाटलं, आज मोठी गाडी लागलेली दिसते. वीस झाले तरी त्याने दार लावलं नाही.

कवडूने फोन टाकला आणि बटण दाबता दाबता खिडकीकडे मान वळवली. रस्ता माणसांनी भरला होता. इतकी माणसं त्याने कधीच पाहिली नव्हती. एरवी पळायच्या भानगडीत न पडणाऱ्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळे निघाले होते. दाराच्या आत, कंपाउंडची भिंत आणि गोडाऊन यांच्यामधल्या बोळीत, बिल्ले मिळालेले लोक ओळीने उभे होते. आणि ब्लीच खात्याच्या कोपऱ्यावरून पिवळट हिरवा धूर, गुडघ्याएवढ्या उंचीने, त्या बोळीत उतरत होता.

ओळीत सगळ्यात पुढे खाकी स्वेटर होता.

कवडूने बटण सोडलं. जिन्यावरून तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. "मांगं फिरा! मांगं फिरा!" असं ओरडत तो धावला. पण दारातून अजून माणसं आत घुसत होती आणि आतली खोकत, डोळे चोळत बाहेर येऊ बघत होती, आणि दार होतं एका माणसापुरतं. भैय्याजी पिशवीवर पडलेला होता. बिल्ले सगळीकडे सांडले होते. त्या गोंधळातही एकजण खाली वाकून बिल्ला उचलत असलेला कवडूने पाहिला. त्याला शिवी हासडावी की रडावं हे कळेना.

प्रेमलता भिंतीला टेकून बसली होती. त्याने तोंडाला दुपट्टा बांधला, तिला खांद्यावर टाकलं आणि मोठं फाटक कोणीतरी उघडल्यावर बाहेर काढलं.

कंपनीच्या जीपमध्ये सहाजणांना कोंबलं. नागपूरपर्यंतच्या रस्त्यावर प्रेमलताचं डोकं कवडूच्या मांडीवर होतं. तिच्या छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येत होता. ओठ निळे पडले होते. बोलू नको म्हणून त्याने दहादा सांगितलं. पण ती पोर लहानपणापासून बडबडी.

"बस... आलीच नाही, बाबा. नऊ वाजेपर्यंत उभी होती. मंग घरी आली."

"बोलू नोको, बाई. पोचतोच आता."

तिने डोळे मिटले. नागपूरच्या नाक्याच्या अलीकडे तिने पुन्हा डोळे उघडले.

"तुमी लय वेळ वाजवला आज," ती म्हणाली. एकेका शब्दाला श्वास लागत होता. "सगळ्याईले वाटलं... आज लय मान्सं लागतीन. आज सगळ्याईलेच घेतीन."

दोन मिनिटं वाजवा म्हणणाऱ्यांनी ती मिनिटं कुठल्याशा पुस्तकातून आणली होती. आणि नाल्याकाठी त्या दोन मिनिटांचा अर्थ झाला, आज कोणीच एकविसावा नाही. तो जितका जास्त वाजवत होता तितकी जास्त माणसं घराबाहेर पडत होती. त्याने माणसांना मरणाचं आवतन दिलं होतं, आणि तेही मोठ्या आवाजात.

दुपारी चार वाजता दवाखान्यात प्रेमलता गेली.

त्या दिवशी एकूण नऊ माणसं गेली. आठ बदलीवाले आणि नववा भैय्याजी. आतल्या सहाशे कामगारांपैकी एकालाही काही झालं नाही. फोरमनसुद्धा वाचला.

चौकशीला सरकारी साहेब आले. तेच, रुमालवाले. कवडूला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"भोंगा वेळेवर वाजवला?"

"वाजवला."

"यंत्र नीट चाललं?"

"चाललं."

"दोन मिनिटं पूर्ण?"

"दहा सेकंद कमी पडले, साहेब. मी खाली पयालो."

साहेबाने दहा सेकंद लिहून घेतले. अर्जांचं कवडूने सांगितलं. मधुकररावांनी फाइल उघडली. पहिल्या अर्जाची पोच निघाली, दुसऱ्यावरचा शेरा निघाला. साहेबाने दोन्ही पाहिले आणि "हं" म्हटलं. महिनाभराने निकाल लागला. सूचना देण्याची व्यवस्था समाधानकारक होती, त्यामुळे सहाशे जीव वाचले. फाटकावरच्या जमादाराने निष्काळजीपणे दार उघडल्याने जीवितहानी झाली. जमादार मेलेला होता, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. कवडूच्या नावापुढे 'प्रसंगावधान' असा शब्द होता.

पण निकालाची वाट बघायला मनकर्णा थांबली नव्हती. मनकर्णा म्हणजे कवडूची बायको. पोरीचं सगळं आटोपलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसली होती. चूल विझलेली होती. तिने मान वर न करता विचारलं.

"तुमाले माईत होतं न? भोंगा आयकून वस्ती पयत येईन म्हनून?"

इतक्या साहेबांनी इतके प्रश्न विचारले, पण हा कोणी विचारला नव्हता.

"होतं," कवडू म्हणाला.

"तरी बटन दाबलं."

"आत सहाशे मान्सं होते, मनकर्णा."

तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर कवडू वाचला असता. सहाशे माणसांच्या आडोशाला त्याला आयुष्य काढता आलं असतं. पण खोटं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि आता तर अंगात त्राणही नव्हतं.

"मले वाटलं, आपली नागपूरले हाये," तो म्हणाला. "म्हनून दाबलं. ती वस्तीत हाये असं माईत असतं, त मी काय केलं असतं, मले माईत नाही."

मनकर्णा उठली आणि बाहेर जाऊन बसली. त्यानंतर तिने त्याला जेवायला वाढलं, त्याचे कपडे धुतले, सगळं केलं. बोलली मात्र नाही.

नवव्या दिवशी कंपनी उघडली. घरी बसून काय करणार? सात वाजता कवडू खुर्चीवर होता. पाळीचा भोंगा त्याने दिला. डोळे मिटून दिला, पण दिला. दहाच्या सुमारास मधुकरराव वर आले. ब्लीच खातं धुऊन काढायचं होतं. भिंतींना, नाल्यांना अजून वास होता आणि कायम कामगार आत पाय ठेवायला तयार नव्हते. युनियन त्यांच्या पाठीशी होती.

"गजभिये," मधुकरराव हळू आवाजात म्हणाले, "तीन तुकडे द्या."

"साहेब, मानूस धाडा न वस्तीत. मी जातो. मी तोंडानं सांगतो."

"नवी पद्धत मंजूर होईपर्यंत जुनी चालू ठेवा, असं वरून पत्र आलं आहे. लेखी आहे हो."

कवडूने हात मांडीवरच ठेवले. मधुकररावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग त्यांनीच पुढे वाकून लाल बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

पहिल्या तुकड्यालाच कवडू जिना उतरला होता. तो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कोणी येणार नाही, असं त्याला वाटत होतं. नऊ चिता जळून पुरते दहा दिवसही झाले नव्हते. आज भोंगा ऐकून वस्ती टेकडीकडे पळेल, दारं लावून घेईल, दगड मारेल. दगडही चालले असते.

वस्तीतून माणसं निघाली. एरवीसारखीच. हातातलं टाकून, पदर खोचून, पळत.

"मांगं जा!" कवडू हात पसरून ओरडला. "आत अजून वास हाये! कायम मान्सं आत जाऊन नाही राहिले, तुमी काहून जाता? मांगं जा, बाप्पा!"

रस्त्यात खांब असावा तसे लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. कोणी थांबलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. एका बाईने त्याच्याकडे पाहून नुसते डोळे पुसले आणि ती पळत राहिली. यादीतल्या आठ जागा मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांवर आठ नवी नावं चढली होती. आता त्यांचीही पहिल्या विसात यायची धडपड होती.

सगळ्यांत मागून चंपत आला. त्याला पळता येत नव्हतं. चार पावलं झपाट्याने टाकायचा, छाती धरून थांबायचा, पुन्हा चार पावलं. प्रेमलताच्या जागी यादीत त्याचं नाव लागलं होतं. कवडूने त्याचे दोन्ही खांदे धरले.

"चंपत, तू नोको. तुयी छाती... पोरा, तू तरी नोको जाऊ."

चंपतला धाप लागली होती. त्याने कवडूच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. तिथे नवा जमादार मोठ्याने आकडे म्हणत होता.

"मामाजी, सरका," तो म्हणाला. "एकोनीस झाले."

कवडू बाजूला झाला. चंपत विसावा म्हणून आत गेला आणि नव्या जमादाराने दार लावून घेतलं.